जुन्या टंकांचा निरोप आणि आपले दप्तर

विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी व्यवहारातून मागे पडली आणि बाळबोध सर्वत्र रूढ झाली. पण मोडीतील असंख्य कागद लिप्यंतरावाचून दप्तरांतच राहिले. आज ते वाचणारे थोडे आहेत. संगणकावरील मराठीबाबत हाच इतिहास पुन्हा घडू पाहतो आहे.

१९९०च्या दशकात शिवाजी, श्रीलिपी अशा टंकांनी मराठी संगणकावर आणली. त्यांत साठवले जात ते रोमन अक्षरचिन्हांचे संकेतांक. देवनागरी असे ते केवळ दृश्य रूप. टंक नसलेल्या यंत्रावर तोच मजकूर निरर्थक चिन्हांत उमटे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह आली, विंडोज २०००ने तिला आधार दिला आणि २००८ साली मराठीच्या ‘ॲ’लाही स्वतंत्र संकेतांक मिळाला.

मात्र नवी कळफलकपद्धती शिकली म्हणजे स्थलांतर पूर्ण होत नाही. प्रथम मूळ फाइली आणि त्यांचे टंक जपावेत. नंतर परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. शेवटी तो छापील प्रतीशी ताडावा, विशेषतः रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी. कारण ही वेलांटी जुन्या टंकांत व्यंजनाआधी साठवली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते.

सीमाभागातील मंडळांचे ठराव, वाचनालयांच्या स्मरणिका, शासनाला दिलेली निवेदने अशाच फाइलींत आहेत. राजभाषेचा आधार नसलेल्या मराठीचे हे दप्तर आपल्यालाच राखावे लागेल. जुने यंत्र मोडीत काढण्यापूर्वी त्यातील मजकूर बाहेर काढावा.