संततिनियमनाची साधने : बंदी, सक्ती आणि स्वखुशी



आपल्यापैकी ज्यांच्या घरी छापील कुलवृत्तान्त असेल, त्यांनी तो एकदा निराळ्या नजरेने चाळावा. पणजोबांच्या पिढीत एकेका नावाखाली आठ-दहा मुले दिसतील. त्यांतल्या काहींपुढे ‘बालपणी मृत’ असे लिहिलेले असेल. पुरुषाच्या नावापुढे प्रथम पत्नी, द्वितीय पत्नी, क्वचित तृतीय पत्नी अशी नोंद असेल. पहिली कशाने गेली, हे सहसा लिहिलेले नसते. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, तर बहुतेक वेळा उत्तर मिळते : बाळंतपणात. आपली घराणी इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव अशी कोठेही जाऊन स्थिरावली असली, तरी या नोंदी सारख्याच आहेत.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या घरातही हेच घडले. त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई 1891 साली बाळंतपणात गेल्या. मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. महर्षींनी पुढे गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि विधवांच्या शिक्षणाला आयुष्य वाहिले, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. मुलाने काय केले, हे मात्र आपण घरात मोठ्याने बोलत नाही. या व्याख्यानाचा विषय तेथूनच सुरू होतो.

रघुनाथराव मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला होता, म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. पुढे रघुनाथरावांनी या विषयावर मराठीत पुस्तक लिहिले. कॉलेज मिशनऱ्यांचे. त्यांना हे रुचणारे नव्हते, आणि 1925 मध्ये रघुनाथरावांना नोकरी सोडावी लागली. जुलै 1927 पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि ऑक्टोबर 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत, सव्वीस वर्षे, ते एकट्याच्या बळावर चालवले. पत्नी मालतीबाई या सगळ्यात त्यांच्या बरोबर होत्या. स्वतःला मूल नको हे दोघांनी ठरवले, आणि शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली.

त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1931 साली शंभर रुपये दंड झाला. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. तो खटलाही गेला आणि पुन्हा दंड भरावा लागला. यात एक गोष्ट ध्यानात घ्या. साधने तेव्हाही होती. रबरी पिशव्या, टोप्या परदेशातून येत आणि पैसेवाल्यांना मिळत. शिक्षा झाली ती वाचता येईल अशा मराठीत या विषयावर उघडपणे लिहिल्याबद्दल. गरिबाला साधन मिळत नव्हते, त्याआधी त्याला माहितीच मिळत नव्हती.

बाबासाहेबांनी हा प्रश्न कोर्टातून विधिमंडळात नेला. 10 नोव्हेंबर 1938 रोजी त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत ठराव मांडला : सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी उपलब्ध कराव्यात. बाबासाहेबांचे लेखी भाषण रोहम यांनी सभागृहात वाचून दाखवले. बाजूने 11 मते पडली, विरुद्ध 52. बेळगाव, धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातच होते, म्हणजे हा नकार आपल्याकडच्या बायकांनाही मिळाला होता.

शेजारच्या म्हैसूर संस्थानाने मात्र 1930 सालीच आपल्या सरकारी इस्पितळांत अशी केंद्रे काढायला मंजुरी दिली होती. सरकारने स्वतः संततिनियमनाची सोय करण्याचे जगातले हे पहिले उदाहरण म्हणून सांगितले जाते. इलाख्याच्या हद्दीपलीकडे सरकारी दवाखान्यात जे विचारता येत होते, त्यावर लिहिले म्हणून इकडे दंड होत होता.

विरोध केवळ सनातन्यांचा होता असे समजू नका. डिसेंबर 1935 मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटल्या. गांधीजींना कृत्रिम साधने मान्य नव्हती. संयम हाच मार्ग, यावर ते ठाम राहिले. मी जैन घरात वाढलो, संयमाची थोरवी मला कोणी सांगायला नको. पण आमच्याकडे व्रत घेतात ते ज्याचे त्याने. नवऱ्याने व्रत मोडले आणि त्याचे फळ नऊ महिने बायकोने वागवले, तर त्यात तिचा संयम कोठे कमी पडला? ‘नाही’ म्हणण्याची मुभा जिला घरातच नव्हती, तिला संयमाचा उपदेश कसा उपयोगी पडणार, हा प्रश्न त्या चर्चेत अनुत्तरित राहिला.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. 1949 साली मुंबईत धन्वंती रामा राव यांच्या अध्यक्षतेखाली फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. 1952 मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असे करणारा हा जगातला पहिला देश. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी 65 लाख रुपये ठेवले होते. रघुनाथरावांबरोबर काम केलेल्या शकुंतला परांजपे पुढे महाराष्ट्राच्या विधान परिषदेत आणि राज्यसभेत गेल्या. ज्या कामासाठी गुरूला दंड झाला, त्याच कामाचा मान शिष्येला मिळाला. गोवा मात्र 1961 पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात असल्याने या कार्यक्रमाबाहेर राहिला.

तरीही साधन खेड्यात पोचायला आणखी पंधरा-सोळा वर्षे गेली. 1965 मध्ये ‘लूप’ आला. तो घाईने बसवला गेला, नंतर रक्तस्राव होणाऱ्या बाईकडे पाहायला कोणी नव्हते, आणि त्याची बदनामी झाली. 1968 मध्ये निघालेल्या ‘निरोध’ची गोष्ट वेगळी होती. त्याची किंमत ठेवली 15 पैशांत तीन. तो दुकानांत पोचवण्याचे काम सरकारने चहा, साबण, सिगारेट आणि बॅटरीचे सेल विकणाऱ्या सहा मोठ्या कंपन्यांना दिले : ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्थान लिव्हर, टाटा ऑइल मिल्स, इंपीरियल टोबॅको आणि युनियन कार्बाइड. ज्या किराणा दुकानात चहाची पुडी पोचत होती, तेथे निरोधही पोचू लागला. पाठोपाठ भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण आला आणि ‘हम दो, हमारे दो’ आले. 1971 साली गर्भपाताचा कायदा झाला. साधन निकामी ठरून राहिलेला गर्भ काढून घेणे विवाहित स्त्रीला कायदेशीर झाले. त्याआधी चोरून कोणाकडे जावे लागे आणि कशाकशाने जीव जाई, ते जुन्या सुइणींना विचारावे.

आणि मग आणीबाणी. 1976–77 या एका वर्षात देशात सुमारे 82 लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या साठ लाखांहून अधिक पुरुषांच्या. शिक्षकांना कोटे होते, तलाठ्यांना कोटे होते. महाराष्ट्र विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. पुढच्या वर्षी शस्त्रक्रियांचा आकडा साडेनऊ लाखांच्या आसपास उतरला. लोकांनी सरकारही उतरवले. कार्यक्रमाचे नाव बदलून ‘कुटुंबकल्याण’ झाले. पण खरा बदल नावात नव्हता. पुरुष या कार्यक्रमातून जो बाहेर पडला तो परत आलाच नाही, आणि सगळा भार बायकांवर आला.

हा भार आजही तसाच आहे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या शंभर विवाहित स्त्रियांपैकी सुमारे अडतीस जणींची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचा आकडा 0.3 टक्के. शस्त्रक्रिया पुरुषाची सोपी, बिनटाक्याची, पोट न उघडता होणारी. तरी टेबलावर जाते बाई. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या शिबिरात एका दिवसात 83 स्त्रियांची शस्त्रक्रिया उरकण्यात आली आणि दहाहून अधिक जणी दगावल्या. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे : शंभरातल्या नऊहून अधिक विवाहित स्त्रियांना सध्या मूल नको आहे किंवा उशिरा हवे आहे, पण त्या कोणतेच साधन वापरत नाहीत.

हे का व्हावे? साधने तर सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. निरोध, ‘माला-एन’च्या रोजच्या गोळ्या, तांबी, 2017 पासून तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आणि लखनौच्या प्रयोगशाळेत तयार झालेली ‘छाया’ गोळी. 2011 पासून आशाताई निरोध आणि गोळ्या घरपोच आणून देतात, नाममात्र रुपयाला. अडते ते विचारण्यापाशी. सासूच्या देखत आशाताईला काय विचारणार? ओळखीच्या केमिस्टकडे काय मागणार? रघुनाथरावांच्या वेळी तोंड बंद करायला कोर्ट लागत होते. आज ते काम आपले घरच करते.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. रुग्ण संकोचाने विचारतात, ‘तुमच्या गोळ्यांत यावर काही आहे का?’ नाही. आमच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांनी गर्भधारणा टळत नाही. कोणी टळते म्हणून सांगत असेल, तर विश्वास ठेवू नका. अशा वेळी मी सरळ प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी देतो, आणि शक्य तर नवऱ्यालाही बोलावून घेतो.

इतिहास पाहिला, तर हा कार्यक्रम दोनदा फसला. एकदा माणसाला जाणून घ्यायची बंदी होती म्हणून, आणि एकदा नको म्हणायची सोय नव्हती म्हणून. जिथे चालला, तिथे साधन जवळ होते, स्वस्त होते आणि घ्यायचे की नाही हे घेणाऱ्याच्या हाती होते. यापुढचे थोडे काम आपल्या घरांतही होण्यासारखे आहे. लग्न ठरलेल्या मुलामुलीला याद्या, मुहूर्त, मानपान यांबरोबर ही माहितीही द्यावी, आणि मुलाला आधी द्यावी. दोन मुले झालेल्या जावयाशी नसबंदीबद्दल सासऱ्याने बोलावे, त्यात कमीपणा नाही. घरात कोणाला नको असताना दिवस गेले, तर सल्ला देण्याआधी तिचे ऐकावे. सज्ञान स्त्रीला गर्भपातासाठी नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, आणि 2022 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अविवाहित स्त्रीलाही तोच हक्क दिला आहे. तिला हे माहीत नसेल, तर आपण सांगावे.