छऱ्यांच्या बंदुकीची माशी
छऱ्यांच्या बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी नेम धरण्यासाठी बसविलेला लहान मणी. रायफलीप्रमाणे या बंदुकीस बहुधा मागील खाच नसते. नेमबाजाचा डोळाच ते कार्य करतो. लंडनचे बंदूककार जोसेफ मँटन (१७६६–१८३५) यांनी १८०६ मध्ये दुनळी बंदुकीवरील उंच पट्टीचे एकस्व घेतले. अशा पट्टीमुळे नजरेस सरळ रेषा लाभते. माशी पूर्वी पितळ वा हस्तिदंत यांची असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रकाशवाहक तंतूंच्या लाल, हिरव्या माश्या प्रचारात आल्या. त्या सभोवतालच्या प्रकाशानेच उजळतात. विद्युत् घट लागत नाही. माशी पट्टीच्या मध्यरेषेवर आट्यांनी घट्ट बसवितात. मात्र ती फार तेजस्वी असल्यास दृष्टी उडत्या लक्ष्यावरून माशीवर खिळते, नळीची गती मंदावते व छरे लक्ष्यामागून जातात.