हवेंत उचलण्याजोगें इंजिन

नदीकांठच्या मळ्यांत ज्यांचें बालपण गेलें अशा आमच्यासारख्या टेंभुर्णीकरांस इंजिन हा शब्द ऐकला कीं एकच वस्तु आठवते. भीमेच्या थडीवर दगडी चौथऱ्याशीं घट्ट आवळून बसविलेलें, दोन्ही अंगांस जड चाकें असलेलें आणि रात्रभर धकधक करीत पाणी ओढणारें ऑइल इंजिन! लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडीस कारखाना मांडला, १९४६ सालीं पुण्यास ऑइल इंजिनांची स्वतंत्र कंपनी निघाली, आणि पुढें हीं इंजिनें गांवोगांव जाऊन पोंचलीं. तें आणावयाचें तर बैलगाडी लागे व उतरवून घ्यावयाचें तर पांचसहा गडी लागत. त्याचें वजन हा दोष आहे असें कोणाच्या स्वप्नांतहि आलें नाहीं. जड असल्यामुळें तें जागचें हालत नाहीं, हा उलट त्याचा गुणच समजला जाई.

अशा गांवांत गेल्या उन्हाळ्यांत आमच्या पुतण्यानें आम्हांस विचारलें, "काका, इंजिन कोणतें घेऊं?" हा मुलगा अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकतो. सुट्टींत घरीं येऊन त्यानें माडीवर एक विमान बांधावयास घेतलें होतें. पंखांच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत अडीच मीटर लांबी. आंत माणूस बसावयाचा नाहीं, जमिनीवर उभें राहून हातांतल्या बिनतारी यंत्रानें तें चालवावयाचें. दोन वर्षें शिकवण्या करून सांठविलेले पैसे त्याच्यापाशीं होते. बाजारांत गवत कापण्याच्या यंत्राचें पेट्रोल-इंजिन स्वस्तांत मिळत होतें, आणि खास अशा विमानांसाठीं केलेलें परदेशी इंजिन त्याच्या कित्येक पट महाग होतें. एकदां घेतलें कीं परत करण्याची सोय नाहीं.

आम्ही इतिहासाचे मास्तर. इंजिनाची निवड सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु हाच प्रश्न त्याच्यापूर्वीं फार मोठमोठ्या लोकांस पडला होता व त्यांतील कांहीं जण त्यापायीं पुरते फसले होते, हें आम्हांस ठाऊक होतें. तेवढें त्यास सांगावें असें आम्हीं ठरविलें.

या प्रश्नाचा सर्वांत बोधक इतिहास अमेरिकेंतील सॅम्युएल लँग्ली यांचा आहे. लँग्ली हे नामांकित ज्योतिर्विद् व स्मिथसोनियन संस्थेचे चिटणीस. १८९६ च्या मे महिन्यांत त्यांचें वाफेच्या इंजिनाचें निर्मनुष्य विमान पोटोमॅक नदीवर सुमारें एक हजार मीटर उडालें. टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल त्या वेळीं तेथें हजर होते व त्यांनीं त्याचें छायाचित्रहि घेतलें. पुढें युद्धखात्यानें माणूस वाहून नेणाऱ्या विमानासाठीं पन्नास हजार डॉलर दिले. वाफेचें इंजिन आतां पुरणार नव्हतें, पेट्रोलचें हवें होतें. आणि आधीं अजमावून पाहावें म्हणून लँग्ली यांनीं मोठ्या विमानाच्या एकचतुर्थांश मापाचें एक छोटें विमान पेट्रोल-इंजिन लावून केलें. तें १९०१ च्या जूनमध्यें उडालें. पेट्रोलच्या इंजिनानें उडालेलें पहिलें विमान म्हणजे हें बिनमाणसाचें नमुना-विमान होय. आज हौशी मंडळी ज्यास मोठ्या मापाचें नमुना-विमान म्हणतात त्याचा हा मूळपुरुष, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मोठ्या विमानाच्या इंजिनाचा मक्ता न्यूयॉर्कच्या स्टीफन बाल्झर यांस दिला होता. त्यांच्यानें ठरलेली शक्ति निघेना. तेव्हां लँग्ली यांचे साहाय्यक चार्लस मॅन्ली यांनीं तें इंजिन हातीं घेऊन त्याची नवीच मांडणी केली. पांच सिलिंडरें चाकाच्या आऱ्यांप्रमाणें भोंवतीं मांडलेलीं, पाण्यानें थंड होणारीं. त्यांतून बावन अश्वशक्ति निघाली व थंड करण्याच्या पाण्यासकट वजन भरलें सुमारें दोनशें सात पौंड. म्हणजे एका अश्वशक्तीस चार पौंड! त्या काळीं असें इंजिन दुसरें कोठेंहि नव्हतें.

याच सुमारास राईट बंधूंनींहि इंजिनाच्या कारखानदारांस पत्रें धाडलीं होतीं. आठ अश्वशक्तीचें, एकशेंऐंशी पौंडांच्या आंतलें इंजिन कोणी देतां काय, एवढीच त्यांची मागणी. कोणाकडूनहि जमलें नाहीं. शेवटीं त्यांच्या सायकलच्या दुकानांतील कारागीर चार्ली टेलर यांनीं सुमारें सहा आठवड्यांत दुकानांतच एक इंजिन घडविलें. चार सिलिंडरें, ॲल्युमिनियमचें ओतीव अंग, बारा अश्वशक्ति, वजन एकशेंऐंशी पौंडांच्या घरांत. एका अश्वशक्तीस पंधरा पौंड पडले. मॅन्लींच्या इंजिनापुढें तें अगदींच ओबडधोबड होतें.

आणि तरी १९०३ च्या ऑक्टोबरच्या ७ व डिसेंबरच्या ८ तारखेस लँग्ली यांचें विमान फेकयंत्रावरून सुटतांच दोन्ही वेळां नदींत कोसळलें. दुसऱ्या खेपेस बर्फगार पाण्यांतून मॅन्ली यांचा जीव थोडक्यांत वांचला. त्यानंतर नवव्या दिवशीं, १७ डिसेंबरला, राईट बंधु उडाले. लँग्ली यांनीं आधीं इंजिनाचा ध्यास घेतला, विमानाचा सांगाडा मात्र छोट्याचा मोठा केला. मापें चौपट केलीं म्हणजे बळकटी आपोआप चौपट होत नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. राईट बंधूंनीं तीन वर्षें बिनइंजिनाच्या विमानांवर तोल सांभाळावयास शिकण्यांत घालविलीं, मग पंख्याचा हिशेब केला, आणि इंजिन सर्वांत शेवटीं मागितलें. माणसासह त्यांच्या विमानाचें वजन साडेसातशें पौंड होतें व पंख्यांची ओढ सुमारें एकशेंतीस पौंड. वजनाच्या पांचव्या हिश्शाइतकीहि धड नव्हे! उरलेलें काम पंखांनीं केलें. पुतण्यास हें सांगितलें तेव्हां तो बराच वेळ गप्प बसला. विमान उडण्यास वजनाइतकी ओढ लागते, असें तो धरून चालला होता.

येथें कोणी वाचक विचारील कीं, आपल्या मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांचें काय? १८९५ सालीं त्यांनीं चौपाटीवर विमान उडविल्याची कथा महाराष्ट्रांत आवडीनें सांगतात. आम्हांसहि ती खरी असती तर आनंद झाला असता. परंतु इंजिन कोणतें, त्याचें वजन किती, त्यानें शक्ति किती दिली, यांपैकीं एकहि आंकडा त्या कथेंत नाहीं. ज्या वैमानिक शास्त्राचा हवाला देतात त्या ग्रंथाची छाननी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं १९७४ सालीं केली, आणि त्यांतील विमानें उडणें शक्य नाहीं असाच निर्णय दिला. स्वदेशाभिमानास आंकडे नसले तर तो भाषणास पुरतो, उड्डाणास पुरत नाहीं.

नमुना-विमानें पुढें बरीच वर्षें पिळलेल्या रबरावर उडत राहिलीं. त्यांत पालट झाला तो फिलाडेल्फियाच्या बिल ब्राऊन या तरुणाच्या छोट्या पेट्रोल-इंजिनानें. त्याचें माप दहा घनसेंटिमीटरांच्या आसपास. १९३३ च्या अमेरिकन स्पर्धेंत या इंजिनाच्या विमानांनीं रबरवाल्यांस इतकें मागें टाकलें कीं, पुढें इंजिनवाल्यांचा वर्ग निराळा काढावा लागला. नंतर १९३७ सालीं मिशिगनमधील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं असल्या इंजिनाच्या विमानास बिनतारी यंत्र जोडून तें जमिनीवरून चालविलें. तें विमान आज स्मिथसोनियनच्या संग्रहांत आहे. लँग्लींच्या घरींच शेवटीं तें गेलें म्हणावयाचें!

पेट्रोल-इंजिन व बिनतारी यंत्र यांचें मात्र मूळचेंच वैर. पेट्रोल पेटतें ठिणगीनें, आणि ठिणगी म्हणजे विजेच्या लहरींचें उगमस्थान; अगदीं पहिलीं बिनतारी संदेशयंत्रें ठिणगीवरच चालत. घरांतील रेडिओ लागलेला असतां दारावरून फटफटी गेली कीं जी खरखर उठे, तीच विमानाच्या कानांत शिरली तर त्यास मालकाचा हुकूम ऐकूं कसा यावा? म्हणून ठिणगीची तार धातूच्या जाळींत गुंडाळणें आणि ग्राहकयंत्र तिच्यापासून होईल तितकें दूर ठेवणें, हा नियम पडला. आजच्या सूक्ष्मलहरींच्या यंत्रांस हा त्रास पुष्कळ कमी होतो, तथापि नियम सुटलेला नाहीं. १९४७ सालीं रे आर्डन यांनीं ठिणगीचाच कांटा काढला. प्लॅटिनमची एक बारीक तार आंत लाल होऊन राहते व तिनें मद्यार्काच्या जातीचें इंधन पेटतें. या इंधनांत वंगण म्हणून चक्क एरंडेल! बॅटरी व वेटोळ्याचें ओझें गेल्यामुळें लहान विमानें झपाट्यानें वाढलीं. पण विमान मोठें झालें कीं हें इंधन खिशास परवडेना. १९७० नंतरच्या दशकांत हौशी लोकांनीं झाडें कापण्याच्या करवतींचीं पेट्रोल-इंजिनें काढून मोठ्या विमानांस लावावयास आरंभ केला, आणि आज मिळणारीं खास इंजिनें याच वंशांतलीं आहेत. म्हणजे आमच्या पुतण्यानें गवतकाप्याच्या इंजिनाकडे नजर टाकली यांत वेडगळपणा कांहींच नव्हता.

दरम्यान युद्धानें या खेळाचें निराळेंच रूप दाखविलें. रेजिनल्ड डेनी हे हॉलिवुडचे नट व नमुना-विमानांचे शोकीन. त्यांच्या कंपनीनें दुसऱ्या महायुद्धांत तोफखान्याच्या नेमबाजीसाठीं सुमारें पंधरा हजार बिनतारी विमानें पुरविलीं. दोन सिलिंडरांचें सहा अश्वशक्तीचें इंजिन आणि साडेतीन मीटरांहून थोडे अधिक लांबीचे पंख, एवढाच त्यांचा संसार. खेळणें तेथें संपलें असें म्हणतां येतें.

त्या मार्गावरचें एक ठिकाण आमच्या अगदीं जवळ आहे. टेंभुर्णीहून करमाळ्यावरून जो रस्ता निघतो तो अहमदनगरास (२०२४ पासून अहिल्यानगर) जाऊन मिळतो. तेथील संरक्षण खात्याच्या वाहन-संशोधन संस्थेनें बंगळूरच्या प्रयोगशाळांसह 'निशांत' या निर्मनुष्य विमानासाठीं देशी इंजिन केलें. निशांत प्रथम परदेशी इंजिनावर उडत असे. साडेसहा मीटरांचे पंख, पावणेचारशें किलोंच्या आसपास वजन. फेकयंत्रानें उडवावयाचें, छत्रीनें उतरवावयाचें. इंजिन निवडलें होतें वांकेल जातीचें, आणि त्या निवडींतली अक्कल पाहण्याजोगी आहे. नेहमींच्या इंजिनांत दट्ट्या खालींवर धांवतो व प्रत्येक फेरींत थांबून उलटतो. त्या उलटण्याचा हिसका साऱ्या यंत्रास बसतो. फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या इंजिनांत फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी गट्टू पोकळींत नुसता फिरत राहतो. त्याचें पहिलें इंजिन १९५७ सालीं चाललें. उलटापालट नाहीं म्हणून थरथर कमी, आणि टेहळणीच्या विमानांत कॅमेरा असल्यानें थरथर कमी असणें हेंच मुख्य. पेट्रोल तें अधिक खातें, त्याच्या कडांची झीज होते, तापतेंहि फार. पण वजन सुमारें तीस किलो व शक्ति पंचावन अश्वांच्या घरांत. मॅन्लींच्या चार पौंडांच्या जागीं आतां सव्वा पौंडच. २००९ सालीं कोलारजवळ या इंजिनासह निशांत चाळीस मिनिटें उडून कोरड्या तळ्यांत सुखरूप उतरलें. तरीहि २०१५ पर्यंत लष्करानें घेतलेलीं चारही निशांत विमानें अपघातांत गेलीं व पुढील खरेदी थांबली.

आतां आमच्या घरची हकीकत. एवढें सगळें ऐकूनहि चिरंजीवांनीं मित्राकडून गवतकाप्याचें एक जुनें इंजिन उसनें आणून आपल्या पहिल्या, लहान विमानास बसविलें व नदीकांठच्या पडीक रानांत तें सोडलें. दोन घिरट्या बऱ्या झाल्या. तिसरींत एका सिलिंडराच्या हादऱ्यानें शेपटीकडील स्क्रू सैल होऊन गळाले, सुकाणू लटकें पडलें, आणि विमान शेजारच्या उंसांत घुसलें. तेथून दोन वाफ्यांवर तीन बाया खुरपीत होत्या. त्यांतील एकीनें तें मोडकें विमान ओट्यांत घालून आणून दिलें आणि म्हणाली, "अहो मास्तर, पोराला सांगा, आमचं डोकं काय खेळणं न्हवं." त्या रात्रीं पुतण्या जेवला नाहीं.

सरकारचा २०२१ चा नियम पंचवीस किलोंपर्यंतच्या नमुना-विमानांस नजरेच्या टप्प्यांत उडविण्याची सवलत देतो. पंचवीस किलो! आम्हांस तर त्या दिवशीं चारच किलोंनीं पुरेसें भय दाखविलें.

दुसऱ्या दिवशीं त्यानें खळ्यावर एक फळी ठोकली, तिच्यावर सरकता पाट बसविला, पाटावर तें उसनें इंजिन आवळलें व मागें धान्य तोलण्याचा स्प्रिंगचा काटा बांधला. तीन निरनिराळे पंखे लावून पाहिले. लहान पंखा फार वेगानें फिरला, गोंगाटहि मोठा झाला, आणि काटा पांचावर थांबला. मोठा पंखा संथ फिरला आणि काटा साडेसात किलोंवर गेला. इंजिन तेंच, पेट्रोल तेंच! मग त्यानें माडीवरचें मोठें विमान तोललें. इंजिनावांचूनच तें साडेदहा किलो भरलें. वहींत हे आंकडे लिहून तो म्हणाला, "काका, आधीं यांतले दोन किलो काढतों. आणि हादरा कमी हवा, तर समोरासमोरच्या दोन सिलिंडरांचें घ्यावें लागेल. तें महाग आहे."

सुट्टी संपेपर्यंत तो विमानाच्या आंतल्या जाड फळ्या कोरून पातळ करीत होता. इंजिनाचे पैसे अजून त्याच्यापाशींच आहेत.