दोर, दगड आणि पडद्यावरचा तानाजी

यंदाच्या पावसाळ्यात आम्ही काही मित्र चार दिवस पोलादपूरला मुक्कामाला होतो. हेतू उमरठला जाण्याचा होता. पण सावित्रीच्या खोऱ्यात एकदा पाऊस लागला की माणसाच्या हेतूला फारशी किंमत उरत नाही. घाटरस्ते धुक्यात गेले आणि आम्ही यजमानांच्या माजघरात बसून तीन संध्याकाळी तीन चित्रपट पाहिले: ‘तान्हाजी: द अनसंग वॉरियर’ (२०२०), ‘सुभेदार’ (२०२३) आणि ‘तुंबाड’ (२०१८). पहिले दोन तलवारीचे, तिसरा भुताचा. ज्याला हल्ली ‘पॉपकॉर्न सिनेमा’ म्हणतात त्या जातीचे चित्रपट आम्ही आवडीने पाहतो, हे आधीच कबूल केलेले बरे. साहित्याच्या अभ्यासकाने अशी कबुली देताना उगाच खाकरण्याची गरज नाही.

प्रथम मते सांगून टाकतो. ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ वेगवान आहे, भपकेबाज आहे आणि त्यात सर्वाधिक मजा सैफ अली खानचा उदयभान आणतो. दिग्पाल लांजेकर यांचा ‘सुभेदार’ त्याच्या तुलनेने संथ आणि भाविक. अजय पूरकर यांचा तानाजी मात्र मातीतला वाटतो. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ या तिघांत निर्विवाद श्रेष्ठ. इथवर आमच्यात मतभेद नव्हते. वाद पेटला तो ‘तान्हाजी’ने इतिहासाची नासाडी केली की नाही, यावर.

आमच्यातले एक जण शिक्षक आहेत. त्यांच्या एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले होते की, कोंढाण्यावरून राजगडावर डागण्यासाठी मोगलांनी एक प्रचंड तोफ आणली होती आणि तिच्यासाठीच सिंहगडाची लढाई झाली. ही तोफ चित्रपटातली. सतराव्या शतकातली कोणतीही तोफ कोंढाण्यावरून राजगडापर्यंत मारा करणे शक्य नव्हते. लढाईचे कारण साधे होते. १६६५च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत कोंढाणा होता आणि १६७०च्या आरंभी शिवाजी महाराजांनी गेलेले किल्ले परत घ्यायला सुरुवात केली. ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री कोंढाणा घेतला गेला, त्यात तानाजी मालुसरे पडले. एवढा कणा आहे. बाकी सारे मांस काळाने चढवलेले.

मात्र हे मांस चढवण्याचे काम चित्रपटापासून सुरू झाले, असे समजणे चूक आहे. शाहीर तुळशीदासाचा पोवाडा घ्या. अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१मध्ये छापलेल्या संग्रहामुळे तो आपल्यापर्यंत पोचला. या पोवाड्यातला उदेभान ऐकावा, म्हणजे सैफ अली खानचा उदयभान सौम्य वाटू लागतो. त्याचा आहार राक्षसाचा, त्याला अठरा बायका, त्याच्या पदरी चंद्रावळी नावाचा हत्ती, सिद्दी हिलाल नावाचा सरदार आणि बापाहून जबर असे बारा मुलगे. तानाजीला उदेभानापर्यंत पोचण्यासाठी एकेक टप्पा पार करावा लागतो. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलाला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. घोरपड याच पोवाड्यातली, वेष पालटून पहारेकऱ्यांना वश करणे याच पोवाड्यातले, ऐंशी वर्षांचा शेलारमामा आणि रायबाचे लग्नही त्यातलेच. इतिहासातला उदयभान राठोड हा राजपूत. शाहिराने त्याला सरळ परधर्मीय राक्षसाच्या साच्यात ओतले. म्हणजे खलनायक फुगवण्याची कला मुंबईच्या स्टुडिओत जन्मलेली नाही.

पुढचा टप्पा हरिभाऊ आपट्यांचा. ‘गड आला पण सिंह गेला’ ही त्यांची कादंबरी १९०३ची. उदयभानाच्या तावडीत सापडलेली कमलकुमारी ही राजपूत स्त्री या कादंबरीने कथेत आणली. ‘तान्हाजी’मधली, उदयभानाने कैदेत ठेवलेली कमलादेवी तिचीच वंशज. ज्या प्रसंगाला आज आपण ‘बॉलीवूडची भर’ म्हणून नाके मुरडतो तो मराठी कादंबरीच्या आद्य आणि आदरणीय लेखकाचा आहे. या कादंबरीवरूनच बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२३मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. रात्रीच्या दृश्यांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला आणि शेलारमामाची भूमिका केली ती तरुण व्ही. शांताराम यांनी. मुंबईत या चित्रपटाला एवढी गर्दी लोटली की, सरकारच्या महसूल खात्याचे लक्ष तिकडे गेले आणि त्यातून करमणूक कर आला, असे सांगतात. शंभर वर्षांच्या आत चक्र पूर्ण फिरले: जानेवारी २०२०मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘तान्हाजी’ला करसवलत दिली. तानाजीच्या नावाने कर आला आणि तानाजीच्या नावानेच तो सुटला. असो.

सांगायचे ते इतकेच की, अतिशयोक्ती हा आमचा आक्षेप असू शकत नाही. ‘सिंहगड’ हे नाव तानाजीच्या मृत्यूमुळे पडले, ही समजूत आपण लहानपणापासून प्रेमाने जपली. पण १६७०च्या आधीच्या पत्रांतही ते नाव आढळते. ज्या समाजाला एवढी गोड चूक सोडवत नाही त्याने तोफेवर रागावणे ढोंगीपणाचे ठरेल. मग आम्हाला नेमके खटकले काय? पहिल्या रात्री ते सांगता येईना. दुसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडला, बाजारात चक्कर झाली आणि उत्तर आम्हाला पोलादपुरातच मिळाले.

पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याचे हे कर्ते. या ग्रंथाची संहिता तंजावरच्या हस्तलिखितावरून सदाशिव महादेव दिवेकर यांनी १९२७मध्ये प्रसिद्ध केली. काशीच्या पंडितांना कवी ही कथा सांगतो आहे, अशी त्याची पुराणाच्या घाटाची मांडणी. उपलब्ध काव्य १६६१च्या सुमारास, शृंगारपूरच्या मोहिमेपाशी थांबते. कोंढाण्यापर्यंत ते पोचतच नाही. त्यामुळे तानाजीच्या चाहत्यांनी त्याची फारशी दखल घेतलेली नाही. पण तानाजी त्यात आहे आणि महाराजांच्या हयातीत लिहिलेल्या काव्यात आहे.

प्रसंग संगमेश्वरचा. शृंगारपूरच्या सुर्व्यांनी रात्री अचानक मराठ्यांच्या तळावर हल्ला केला. अंधार, गोंधळ, किती शत्रू आहेत याचा अंदाज नाही. पिलाजी नीळकंठराव हा सरदार घाबरून पळू लागला. तानाजीने त्याला पकडले, दोरांनी दगडाला बांधले आणि मग स्वतः लढायला उभा राहिला. त्या सरदाराला पळता येईना आणि तानाजीची लढाई पाहण्यावाचून त्याला गत्यंतर राहिले नाही. परमानंद पंडित होते, उपमा-उत्प्रेक्षांची त्यांना वाण नव्हती. तरीही या सगळ्या अलंकारांत एक घाबरलेला माणूस आणि एक दगड त्यांनी शाबूत ठेवला.

आता याच्याशेजारी सिंहगड ठेवून पाहा. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७च्या सुमारास जिंजीला बसून बखर लिहिली. त्याच्या हकिकतीत घोरपड नाही. दोन निवडक मावळे कड्यावरून वानरासारखे वर चढतात, माळ लावतात आणि मग बाकीचे चढतात. तानाजी आणि उदयभान यांचे द्वंद्व होते, तानाजीच्या हातची ढाल तुटते, दोघेही एकमेकांच्या वारांनी पडतात. मग तानाजीचा भाऊ सूर्याजी हिंमत धरून उरलेल्या लोकांना सावरतो आणि गड घेतो. पागेच्या खणांना आग लावली जाते, तो उजेड महाराज राजगडावरून पाहतात. ग्रँट डफने १८२६च्या आपल्या इतिहासात हाच क्षण अधिक उलगडला आहे. तानाजी पडताच मावळे दोरांकडे पळत सुटतात. सूर्याजी त्यांना अडवतो आणि दोर तोडून टाकले असल्याचे सांगतो. आपण लहानपणी ऐकलेला ‘कापलेला दोर’ तो हाच.

दोन प्रसंग आणि दोन्हींत दोर. संगमेश्वरला पळणाऱ्याला दोराने बांधले. सिंहगडावर पळणाऱ्यांचा दोर तोडला. एकात तानाजी जिवंत आहे, दुसऱ्यात त्याचे प्रेत पडले आहे. पण दोन्ही प्रसंगांचा विषय एकच: घाबरलेला सैनिक. परमानंद काय, सभासद काय, डफ काय आणि गावोगावची तोंडी परंपरा काय, या सर्वांना ठाऊक होते की, मावळा हा कड्यावर चढणारा माणूस आहे, त्याला मरणाची भीती वाटते आणि नायक पडला की तो पळू शकतो. त्याच्या पळण्याची त्यांना लाज वाटली नाही. उलट, तो पळतो म्हणूनच त्याच्या परत फिरण्याला अर्थ आहे, हे त्यांनी ओळखले.

आमचा आक्षेप इथे आहे. नवे चित्रपट नायकाला वाढवतात याबद्दल तक्रार नाही. ते भित्र्या माणसाला काढून टाकतात, याबद्दल आहे. ‘तान्हाजी’ संपल्यावर आम्हाला संगणकाने उभारलेले कडे आठवले, उदयभानाचे हसू आठवले. पळू पाहणारा एकही मावळा आठवला नाही. सगळेच शूर असले की शौर्याचे वजन कोण मोजणार? ‘सुभेदार’मध्ये घर, लग्न आणि निरोप यांना अधिक जागा आहे, त्यामुळे गमावण्यासारखे काही आहे असे निदान जाणवते; पण तिथेही भीतीपेक्षा भक्ती मोठी होते. पोवाड्यातला राक्षस घेतला, आपट्यांची कमलकुमारी घेतली, मात्र दोराशी घोटाळणारा तो माणूस मागे राहिला. घेण्यासारखे नेमके तेच होते.

आमच्यातल्या एकाने यावर रास्त हरकत घेतली. परदेशात वाढणाऱ्या त्याच्या भाच्याने तानाजीचे नाव प्रथम ऐकले ते या चित्रपटात आणि मग हट्टाने सिंहगड पाहिला. दीडशे मिनिटांची करमणूक बखरीचे काम करील, अशी अपेक्षा का धरावी? हरकत मान्य. पण करमणुकीच्या दृष्टीनेसुद्धा भीती हा सौदा तोट्याचा नाही, याचा पुरावा तिसऱ्या संध्याकाळी आमच्यासमोर होता.

‘तुंबाड’ हे नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आले, चित्रपटाच्या कल्पनेमागे नारायण धारपांची भयकथा आहे. पेंडशांचे तुंबाड जगबुडीच्या काठचे, खेड तालुक्यातले. पोलादपूरहून कशेडी घाट ओलांडला की त्याच मुलखात आपण उतरतो. चित्रपटातला न थांबणारा पाऊस आमच्या खिडकीबाहेरच्या पावसात इतका मिसळून गेला की, शेवटी कोणाचा आवाज कोणता, हे कळेनासे झाले. हस्तर भयंकर आहे, पण चित्रपट चालतो तो विनायकच्या लोभावर आणि भीतीवर. विहिरीत सोडलेला दोर तिथेही आहे! विनायक दोराला धरून उतरतो, काम उरकतो आणि जिवाच्या आकांताने वर येतो. त्याचे हात थरथरताना दिसतात म्हणून आपले हात थरथरतात. एका भयपटाला जे साधले ते दोन वीरपटांना साधले नाही, कारण भयपटाला भीतीची लाज वाटत नाही.

हा केवळ रसास्वादाचा प्रश्न असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. पूर्वजांत एकही घाबरलेला माणूस नव्हता, असे ज्या मुलांना शिकवले जाते त्यांना स्वतःच्या भीतीचे काय करावे, हे कळत नाही. ती दडवण्याचा सोपा मार्ग म्हणजे कोणावर तरी रागावणे. ‘छावा’ (२०२५) प्रदर्शित झाल्यानंतर मार्चमध्ये नागपुरात हिंसाचार झाला आणि विधिमंडळात खुद्द मुख्यमंत्र्यांनी त्या चित्रपटाचा उल्लेख केला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दंगलीचे खापर चित्रपटावर फोडण्याचा आमचा हेतू नाही. तसे करणे सोपे आणि बहुधा चुकीचे ठरेल. पण वीरकथा ऐकून माणूस स्वतःकडे पाहतो की दुसऱ्याकडे बोट दाखवतो, हे त्या कथेत घाबरणाऱ्याला किती जागा आहे यावर काही अंशी अवलंबून असते, असे आम्हाला वाटते.

चौथ्या दिवशी आम्ही उमरठला पोचलो. तानाजीचे शव सिंहगडावरून ज्या वाटेने कोकणात उतरवले ती वाट मढे घाटाची, अशी परंपरा आहे. घाटाचे नावच ती सांगते. समाधीपाशी आमच्याशिवाय कोणी नव्हते. भाताची खाचरे भरलेली, बांधावर एक म्हातारे गृहस्थ इरले घेऊन उभे. आम्ही चित्रपटाचा विषय काढला. त्यांनी तो पाहिला होता, आवडलाही होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, “लढाई झ्याक दाखवलीय. पण वरनं हितवर आणला कसा, ते न्हाई दाखवलं. खांदा देणारी बी मानसंच व्हती.”

एवढे बोलून ते खाचरात उतरले. त्या खांदेकऱ्यांत आदल्या रात्री दोराकडे धावलेले कोणी असतील काय, हा प्रश्न परतीच्या वाटेवर आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात होता.