तुंबडी, स्पंज आणि सक्शन : जखम ओढून भरणाऱ्या उपचाराचा इतिहास

१/८
बोरघाटातील अपघातात नडगीचे हाड उघडे पडले, की ती जखम अनेकदा आठवडेच्या आठवडे भरत नाही. अशा जखमांवर आज ‘ऋण दाब उपचार’ करतात. म्हणजे जखम हवाबंद करून तिच्यावर सतत शोषण लावायचे. याचा इतिहास पाहू.

२/८
शोषणाची युक्ती जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रक्तमोक्षणासाठी शिंग, जळू आणि भोपळा सांगितले आहेत. शिंगातील हवा तोंडाने ओढत. भोपळ्यात दिवा ठेवून ओढ निर्माण करीत. महाराष्ट्रात वैदू गावोगाव लावीत ती तुंबडी याच कुळातली.

३/८
तरीही ‘हे आपल्याकडे आधीच होते’ असे म्हणणे टिकत नाही. तुंबडी दूषित मानलेले रक्त काढण्यासाठी होती. उघडी जखम भरून आणणे हा तिचा हेतू नव्हता. तत्त्व एक, उपयोग वेगळा.

४/८
१९८९ मध्ये अमेरिकेत चॅरिकर, जेटर आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या अवघड जखमांत गॉज व नळी ठेवली, वर चिकट पारदर्शक पडदा लावला आणि नळी सक्शनला जोडली. १९९३ मध्ये जर्मनीत फ्लाइशमान यांनी उघड्या अस्थिभंगांसाठी स्पंज वापरला.

५/८
१९९७ मध्ये अर्जेंटा आणि मोरिक्वास यांनी ३०० जखमांचा अनुभव प्रसिद्ध केला. २९६ जखमांना गुण आला. १२५ मिलिमीटर पाऱ्याइतका ऋण दाब रूढ झाला. त्याने स्राव निघतो, सूज उतरते, कडा जवळ येतात, लाल मांसांकुर फुटतात.

६/८
पुढे पेटंटचे यंत्र आले आणि त्याच कंपनीचा स्पंज व डबा पुनःपुन्हा घेणे आले. नाणे मावळातील शेतमजुराची मजुरी आधीच बुडालेली. त्यात हा खर्च कसा पेलणार?

७/८
म्हणून भारतातील अनेक शल्यचिकित्सकांनी निर्जंतुक केलेला साधा स्पंज, रायल्स ट्यूब, चिकट पडदा आणि भिंतीवरचे सक्शन यांवर काम भागवले. २०१० च्या भूकंपानंतर हैतीत तर एमआयटीत घडवलेला, सुमारे तीन डॉलरचा, विजेविना चालणारा हातपंप वापरला गेला.

८/८
मर्यादा आहेतच. मृत मांस आधी काढावे लागते. उघड्या रक्तवाहिनीवर थेट शोषण लावणे जिवावर बेतू शकते. म्हणून हा घरगुती उपाय नव्हे. पण जाणत्या हातांतील ही स्वस्त पद्धत महागड्या यंत्राची नक्कलही नव्हे : १९८९ ची मांडणी अशीच साधी होती.