संधिपरीक्षेची परीक्षा

वैद्यकाच्या इतिहासात नवे औषध कोणी शोधले, नवे यंत्र कोणी घडविले, ह्याची नोंद आवर्जून केली जाते. परंतु ते औषध ज्याने द्यावयाचे, त्या वैद्याच्या डोळ्याला, कानाला आणि हाताला वळण कसे लागले, ह्याची हकीकत क्वचितच सांगितली जाते. वास्तविक ती हकीकतही तितकीच महत्त्वाची होय. आणि संधिवाताच्या बाबतीत तर ती अधिकच महत्त्वाची आहे. हृदय व फुप्फुस ऐकण्यासाठी लेनेक ह्या फ्रेंच वैद्याने १८१६ साली स्टेथोस्कोप दिला. हाडे पाहण्यासाठी राँटगेनने १८९५ साली क्ष-किरण दिले. पण सांध्याचे अस्तर सुजू लागले आहे की नाही, हे प्रथम ओळखणारे साधन अजूनही वैद्याचे बोट हेच आहे. हे बोट शिकविले कसे जाते, आणि ते शिकले आहे की नाही हे ठरविले कसे जाते, हा प्रश्न म्हणूनच केवळ महाविद्यालयांपुरता उरत नाही.

प्रत्यक्ष कर्मावाचून विद्या पुरी होत नाही, हे आपल्याकडील प्राचीन आचार्यांना पूर्ण ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत ‘योग्यासूत्रीय’ नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. ‘योग्या’ म्हणजे अभ्यास, हाताचा सराव. कोहळा, दुध्या, काकडी ह्यांवर छेदन कसे करावे, कमळाच्या देठावर शिरावेध कसा शिकावा, कापडाच्या पुतळ्यावर पट्ट्या कशा बांधाव्यात, हे तेथे क्रमवार सांगितले आहे; आणि सर्व शास्त्र पढलेला शिष्यही असा सराव केल्याविना कर्माला अयोग्यच ठरतो, असा त्याचा स्पष्ट अभिप्राय आहे. रुग्णाची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध मानली गेली. चरकसंहितेत वातरक्ताची चिकित्सा आहे आणि माधवनिदानात आमवाताचे वर्णन आहे. ही वर्णने आजच्या रोगनामांशी जशीच्या तशी जुळतील असे नव्हे. पण सांध्याकडे बारकाईने पाहण्याची दृष्टी त्यांत निश्चित आहे.

युरोपात मध्ययुगीन विद्यापीठांतील वैद्यक हे मुख्यतः ग्रंथवाचनाचे शास्त्र होते. सोळाव्या शतकात पादुआ येथे जोव्हानी बात्तिस्ता दा मोन्ते ह्याने विद्यार्थ्यांना रुग्णशय्येपाशी नेले. पुढे हॉलंडमधील लायडन येथे हेर्मान बूर्हाव्ह ह्याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही पद्धत नामांकित केली. त्याच्या हाताशी खाटा होत्या अवघ्या बारा, सहा पुरुषांच्या व सहा स्त्रियांच्या. परंतु त्या बारा खाटांपाशी शिकलेले शिष्य एडिंबरो आणि व्हिएन्ना येथे गेले आणि तेथील वैद्यकशिक्षणाचे रूप त्यांनी पालटून टाकले. त्याच्या आधी इंग्लंडात टॉमस सिडनॅम ह्याने १६८३ साली वातरक्ताचे वर्णन लिहिले. तो स्वतःच त्या व्याधीने पीडित होता. त्याच्या लेखनाला जी धार आहे ती ह्या अनुभवाची. १८५९ साली आल्फ्रेड गॅरॉड ह्याने आज जो रोग ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ म्हणून ओळखला जातो त्याला ते नाव दिले आणि वातरक्ताहून तो निराळा काढला. ज्या लक्षणांना एकच नाव होते त्यांतून दोन रोग वेगळे झाले; पाहण्याची शिस्त वाढली की शास्त्र वाढते, ते असे.

हिंदुस्थानात ही शिस्त आधुनिक महाविद्यालयांबरोबर आली. कलकत्ता व मद्रास येथे १८३५ साली आणि मुंबईस १८४५ साली वैद्यकीय महाविद्यालये निघाली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजला जमशेटजी जिजीभाई रुग्णालयाची जोड होती, आणि तेथील पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड ह्यांनी रुग्णशय्येपाशी द्यावयाच्या शिक्षणावर कटाक्षाने भर दिला. १८५१ साली तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, ही गोष्ट महाराष्ट्राला अभिमानाची आहे.

शिक्षण रुग्णापाशी आले, तरी परीक्षा तेथे यावयास वेळ लागला. केंब्रिज येथे जॉर्ज पॅजेट ह्याच्या आग्रहामुळे १८४२ च्या सुमारास रुग्णशय्येपाशी परीक्षा घेण्याचा नियमित प्रघात सुरू झाला. तोपर्यंत पदवी लेखी आणि तोंडी उत्तरांवर मिळत असे. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे एकच पद्धत रूढ राहिली. विद्यार्थ्याला एक रुग्ण द्यावयाचा, तासभर मोकळीक द्यावयाची, आणि मग परीक्षकांनी प्रश्न विचारावयाचे. ह्या पद्धतीत एक मोठेपणा होता: रुग्ण खरा होता, आणि त्याचा संपूर्ण विचार करावा लागे. परंतु तीत दोन दोषही होते. कोणाच्या वाट्याला सोपा रुग्ण येई, कोणाच्या वाट्याला कठीण. कोणाला मृदू परीक्षक लाभे, कोणाला कठोर. शिवाय विद्यार्थी रुग्णाला तपासत असताना परीक्षक बहुधा तेथे नसत. निष्कर्ष ऐकला जाई. हात कसा चालला, हे पाहिले जात नसे.

ह्या व्यवस्थेत सांध्यांची उपेक्षा झाली. छातीतील मर्मर ऐकणे, पोटात वाढलेली प्लीहा चाचपणे, ही कौशल्ये विद्यार्थी घोकून घोकून तयार करीत. कारण ती हमखास विचारली जात. जे परीक्षेत विचारले जात नाही ते सहसा शिकलेही जात नाही, हा सर्व विद्यालयांचा अनुभव आहे. पूर्वी ह्या उपेक्षेची किंमत फारशी जाणवली नाही, कारण रोग ओळखला तरी हाती उपाय थोडे होते. हे चित्र विसाव्या शतकात पालटले. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच ह्यांनी कॉर्टिझोनचा प्रथम वापर केला आणि १९५० साली त्यांना केंडाल व राइखस्टाइन ह्यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. १९८८ साली अमेरिकेत मेथोट्रेक्झेट ह्या औषधाला ह्या रोगासाठी मान्यता मिळाली. त्यानंतरच्या काळात हे स्पष्ट झाले की, पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांध्यांची झीज पुष्कळ अंशी रोखता येते. आणि झिजलेला सांधा मात्र कोणतेही औषध पूर्ववत करू शकत नाही. अशा वेळी सकाळी तासभर आखडणारी बोटे घेऊन आलेल्या बाईला ‘वयोमानाने होते’ असे सांगून परत पाठविणारा डॉक्टर तिचे जे नुकसान करतो, ते भरून येणारे नसते. उद्या तिला पीठ मळता येईल की नाही, लेकराचे बटण लावता येईल की नाही, हे त्या एका तपासणीवर अवलंबून असते.

परीक्षापद्धतीत सुधारणा आली ती अन्य दिशांनी. १९६३ साली लॉस एंजेलिस येथे हॉवर्ड बॅरोज ह्यांनी निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसविण्याचा प्रयोग केला. प्रत्येक विद्यार्थ्याला तोच रुग्ण, तीच तक्रार, हा त्यातील न्याय. १९७५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डन ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवी परीक्षा मांडली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘ऑस्की’ म्हणतात. हीत विद्यार्थी एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर ठरावीक वेळाने सरकतो. एके ठिकाणी गुडघा तपासावयाचा, दुसऱ्या ठिकाणी हकीकत विचारावयाची, तिसऱ्या ठिकाणी प्रश्नांची उत्तरे लिहावयाची. कामे सर्वांना सारखी. आणि परीक्षक समोर उभा राहून, आधी ठरलेल्या यादीप्रमाणे हाताची कृती पाहून गुण देतो. १९९० साली शिकागोचे जॉर्ज मिलर ह्यांनी ह्या विचाराला सुटसुटीत रूप दिले: विद्यार्थ्याला माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, ते करून दाखविणे, आणि रोजच्या कामात ते प्रत्यक्ष करणे, अशा ह्या चार पायऱ्या होत.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये मायकेल डोहर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातील नोंदी तपासल्या, तेव्हा इतर अवयवांच्या मानाने सांध्यांची तपासणी फारच क्वचित नोंदलेली आढळली. केवळ दोष दाखवून ते थांबले नाहीत. १९९२ साली त्यांनी जेन डेकर, पॉल डीप व मायकेल स्नेथ ह्यांच्यासह एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. चाल, हात, पाय आणि कणा ह्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘गॅल्स’ ह्या नावाने ओळखली जाते. प्रथम तीन प्रश्न: स्नायू, सांधे किंवा पाठ दुखते वा आखडते काय, कपडे विनासायास घालता येतात काय, जिना चढता-उतरता येतो काय. नंतर रुग्णाला चालवून, हात पुढे करावयास लावून, मुठी आवळावयास सांगून, काही मिनिटांत सर्व सांध्यांवरून नजर व हात फिरवावयाचा. २००४ साली ह्याच्या पुढची पायरी, म्हणजे एकेका सांध्याची सविस्तर तपासणी, कोणत्या कृतींनी बनावी हे तज्ज्ञांच्या एकमताने ठरविण्यात आले. आणि २००६ साली न्यूकॅसल येथील हेलन फॉस्टर व सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘गॅल्स’चे वेगळे रूप तयार केले.

तथापि कृतींची यादी म्हणजे कौशल्य नव्हे. सांध्यावर किती दाब द्यावा, ह्याचे प्रमाण म्हणून तपासणाऱ्याच्या अंगठ्याचे नख टोकाला पांढरे पडेल इतका, असे सांगण्याची वहिवाट आहे. ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु रोगाची तीव्रता मोजताना अठ्ठावीस सांधे तपासून त्यांतील दुखरे किती व सुजलेले किती, हे मोजले जाते, आणि औषध वाढवावे की तसेच ठेवावे हे पुष्कळदा त्या संख्येवर ठरते. एकाच रुग्णाचे सुजलेले सांधे दोन डॉक्टर मोजू लागले की संख्या निरनिराळ्या येतात. एकत्र सराव केला की हे अंतर घटते. २०१० साली ठरलेल्या वर्गीकरणाच्या निकषांतही रक्ततपासण्यांना स्थान असले, तरी प्रारंभीची एक अट अशी आहे: तपासणीत निदान एक सांधा निश्चितपणे सुजलेला आढळला पाहिजे. प्रयोगशाळेचे दार असे बोटाच्या परवानगीने उघडते.

ह्या शिक्षणात एक हृद्य पायंडाही पडला. दीर्घकाळ हा रोग सोसलेल्या व्यक्तींना रीतसर शिकवून त्यांनाच शिक्षक करण्यात आले. सूज कोठे आहे, दाब जास्त झाला काय, हात धरताना आधार दिला काय, हे तो रुग्णशिक्षक विद्यार्थ्याला तेथल्या तेथे सांगतो. वरवर रुग्णाची भूमिका वठविणाऱ्याला निरोगी सांध्यात खरी सूज आणता येत नाही. ती उणीव येथे भरून निघते. शिवाय दुखऱ्या हाताला हळुवारपणे हात कसा लावावा, हे ज्याचा हात दुखतो त्याच्याहून चांगले कोण शिकवील?

मिलरची चौथी पायरी मात्र ठाण्याठाण्यांच्या परीक्षेनेही गाठता येत नाही. परीक्षक समोर असताना सर्वच विद्यार्थी सौजन्याने वागतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात, दुपारी एक वाजता, तोच विद्यार्थी रुग्णाचे मोजे काढून पावले पाहतो की नाही, हा खरा प्रश्न आहे. १९९५ साली अमेरिकेत जॉन नॉर्सिनी ह्यांनी प्रत्यक्ष काम चालू असताना थोडा वेळ निरीक्षण करून लगेच दोन शब्द समजावून सांगण्याची पद्धत मांडली, ती ह्याच हेतूने. तीत गुणांपेक्षा त्या दोन शब्दांचे मोल अधिक.

भारतापुरता पाहता हा विषय लहान नव्हे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा ह्यांच्या नेतृत्वाखाली घरोघरी जाऊन पाहणी सुरू झाली, तेव्हा चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे अठरा टक्के लोकांना सांधे, स्नायू वा कणा ह्यांच्या वेदना असल्याचे दिसून आले. एवढ्या लोकांना विशेषज्ञ पुरणे शक्य नाही. त्यांची पहिली गाठ गावच्या साध्या डॉक्टराशीच पडावयाची. २०१९ साली देशातील पदवी-अभ्यासक्रम कौशल्याधिष्ठित करण्यात आला आणि संधिवाताच्या विकारांना वैद्यकशास्त्र ह्या विषयात स्वतंत्र प्रकरण मिळाले, ही स्वागतार्ह घटना होय. पण अभ्यासक्रम छापून होतो आणि हात सरावाने तयार होतो. सुश्रुताचा कोहळा, बूर्हाव्हच्या बारा खाटा आणि हार्डनची ठाणी ह्यांचे सांगणे एकच आहे: शिष्य काय जाणतो हे ऐकून गुरूने समाधान मानू नये; त्याचा हात चालताना आपल्या डोळ्यांनी पाहावा. जेथे हे पाहिले जाईल, तेथे आखडलेली बोटे घेऊन आलेली बाई वेळेत ओळखली जाईल.