परसबागेतील पक्षिगणना

घराची बाग, गच्ची वा सज्जा येथे येणाऱ्या रानपक्ष्यांची ठरावीक वेळात केलेली जातवार मोजणी (पहा : पक्षिनिरीक्षण).

अमेरिकेतील कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळा व ऑडुबॉन संस्था यांनी १९९८ मध्ये फेब्रुवारीतील चार दिवसांची गणना सुरू केली. भारत २०१३ पासून सहभागी आहे.

बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये बाग म्हणजे पुष्कळदा गच्चीवरच्या कुंड्याच. जास्वंदीवर शिंजीर, तारेवर शिपाई बुलबुल. आगर तलावाकडे जाणारे बगळेही मोजायचे. तांबट दिसला नाही, नुसता ऐकू आला तरी नोंद चालते. एकच शिंजीर तीनदा आल्यास संख्या एकच. बैठक किमान १५ मिनिटांची.

नोंदी ‘ई-बर्ड’वर साठतात (पहा : नागरिक विज्ञान). त्यांवर आधारलेल्या २०२० च्या राष्ट्रीय अहवालानुसार चिमणी देशभरात साधारण स्थिर, पण बंगळूरसह सहा महानगरांत घटती आहे.